ज्याचा स्कोअर कुणी लिहिलाच नाही, त्याचं काय?

मे २०२४ मधली गोष्ट. लोकसभेची मतमोजणी चार-पाच दिवसांवर आली होती आणि आमच्या डेस्कवर दुसरा विषयच नव्हता. कोण येणार, कोण पडणार, कुणाला कुठल्या तालुक्यातून लीड, हेच चाललेलं. त्यात रात्री एजन्सीची एक छोटी बातमी आली. जॉश गिब्सन नावाचा बेसबॉलपटू अमेरिकेतल्या मेजर लीगच्या इतिहासात सर्वाधिक बॅटिंग अ‍ॅव्हरेज असलेला खेळाडू ठरला.

मी सहज खाली वाचत गेलो. गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच वारलेला, अवघ्या ३५ व्या वर्षी. म्हणजे जाऊन ७७ वर्षं झालेल्या माणसानं रेकॉर्ड मोडलं होतं!

बातमी मला आवडली. क्रीडा पानावर सिंगल कॉलममध्ये लावली. अकरा वाजता एक जाहिरात आली आणि ती बातमी उडाली. आमच्या धंद्यात याला एक शब्द आहे, "जागेअभावी". हा शब्द लक्षात ठेवा मंडळी, शेवटी परत लागणार आहे.

पानातून बातमी गेली, डोक्यातून गेली नाही. त्याला कारण माझी एक जुनी वही.

दोनशे पानी, आखीव, पुठ्ठ्याचा कोपरा उंदरानं खाल्लेला. शाळेत असताना मी रेडिओवर कॉमेंट्री ऐकत तिच्यात मॅचचा स्कोअर लिहायचो. बॉल-बाय-बॉल. रन नाही तर टिंब, चौकार तर ४, विकेट पडली की फुली. १३ मार्च १९९६ चं पान अजून शाबूत आहे. वर्ल्ड कपची सेमीफायनल, ईडन गार्डन्स. श्रीलंकेच्या पहिल्याच ओव्हरमध्ये श्रीनाथच्या नावापुढे दोन फुल्या आहेत, इतक्या जोरात मारलेल्या की कागद फाटलाय. तरीही त्यांनी २५१ केले. मग आपली बॅटिंग. ९८ वर एक. सचिन ६५ वर स्टम्पिंग झाला आणि तिथून पुढे पानावर फुल्याच फुल्या. ३५ व्या ओव्हरच्या पहिल्या बॉलला आठवी विकेट, १२० वर ८. त्याच्यापुढे पाच घरं रिकामी. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, मॅच थांबली, श्रीलंकेला विजयी घोषित केलं.

विनोद कांबळी रडत बाहेर आला तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. मला मात्र ती मॅच आठवते ती त्या पाच रिकाम्या घरांमुळे. मी पेन उघडं ठेवून बसलो होतो. पुढचा बॉल कधी पडलाच नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की स्वतःच्या हातानं लिहिलेला स्कोअर आणि नुसती आठवण यात फरक असतो. आठवण आपल्या सोयीनं बदलते. वही बदलत नाही. म्हणून गिब्सनच्या बातमीत मला पहिला प्रश्न पडला तो पत्रकाराचा. हा आकडा आला कुठून? कुणी लिहून ठेवला होता? मग महिनाभर, निकालाची धावपळ संपल्यावर, रात्री बसून वाचत गेलो. ते तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात एका पत्रकारापासून करू, आणि तोही क्रिकेटचा.

हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधलं एक्झेटर. लहानपणीच कुटुंबासोबत अमेरिकेला गेला. मोठेपणी न्यूयॉर्कच्या पेपरांसाठी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. होय, त्या काळी अमेरिकेत क्रिकेट चांगलं चालायचं. १८५६ मध्ये न्यूयॉर्कच्या पलीकडे, होबोकेनच्या मैदानावर त्यानं बेसबॉलचा सामना लक्ष देऊन पाहिला आणि त्याला वाटलं, हा अमेरिकेचा खेळ होऊ शकतो. मग त्यानं काय केलं? क्रिकेटच्या स्कोअरबुकाची शिस्त बेसबॉलमध्ये आणली. कुणी किती रन केले, कुणी किती जणांना आउट केलं, सगळं एका छोट्या चौकटीत मावेल असा तक्ता. त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. असे तक्ते त्याच्या आधीही अधूनमधून छापले जात, पण त्याला घडी बसवली ती चॅडविकनं. पुढे त्याला बेसबॉलचा पिता म्हणू लागले. हॉल ऑफ फेममध्येही त्याचं नाव आहे.

बेसबॉलच्या स्कोअरशीटची भाषा मोठी मजेशीर आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर. बॉल टाकणारा पिचर १, त्याच्यासमोरचा कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. आता कागदावर नुसतं "६-४-३" लिहिलेलं असलं, की जाणकाराच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. शॉर्टस्टॉपनं बॉल उचलला, सेकंड बेसवाल्याकडे फेकला, त्यानं फर्स्टकडे, आणि एका फटक्यात दोघं आउट. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर इंग्रजी अक्षर "के". हीही चॅडविकचीच देणगी, "स्ट्रक" या शब्दातलं शेवटचं अक्षर. आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच "के" उलटा काढायचा.

ही भाषा फक्त अधिकृत स्कोअररची नाही. तिथे स्टेडियमवर स्कोअरकार्ड विकत मिळतं. बाप आपल्या पोराला शेजारी बसवून पेन्सिलीनं ते कसं भरायचं शिकवतो. अशी लाखो कार्डं लोकांच्या घरात पडून होती.

एक उदाहरण देतो. ८ ऑक्टोबर १९५६. वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. यांकीजच्या डॉन लार्सननं ९७ बॉल टाकले, समोर २७ बॅटर आले, एकही बेसवर पोचला नाही. याला ते परफेक्ट गेम म्हणतात. शेवटचा बॅटर डेल मिशेल, तिसरा स्ट्राइक, बॅट फिरलीच नाही. बॉल बाहेरून जात होता असं मिशेल पुढे कायम म्हणत राहिला. ज्यानं त्या दिवशी कार्ड भरलं असेल, त्याच्याकडे शेवटच्या घरात एक उलटा "के" असणार. मिशेलची आयुष्यभराची तक्रार त्या एका उलट्या अक्षरात आहे.

बरं, ही कार्डं जपायची कुणी? मोठ्या संस्थांनी जपली असतील असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसननं शेवटच्या क्षणी होम रन मारून लीग जिंकून दिली. त्यावेळची रेडिओ कॉमेंट्री अमेरिकेत आजही वाजवतात. ती रेडिओ स्टेशनच्या कपाटातून आलेली नाही. ब्रुकलिनमधल्या एका श्रोत्याला कामावर जायचं होतं, म्हणून त्यानं आईला घरच्या टेपरेकॉर्डरवर ती टेप करायला सांगून ठेवलं होतं. त्या माउलीनं बटण दाबलं नसतं तर तो आवाज आज ऐकायला मिळाला नसता.

सामन्यांच्या तपशिलाचंही तेच. १९८० च्या दशकात चाहत्यांना प्रत्येक मॅचचा खेळवार हिशोब हवा होता, पण ज्या कंपनीकडे तो होता ती द्यायला तयार नव्हती. तेव्हा बिल जेम्स या लेखकानं १९८४ मध्ये हाक दिली, की आपणच लिहू. ठिकठिकाणचे स्वयंसेवक वही-पेन्सिल घेऊन बसले. त्यानंतर १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी उलट दिशेनं काम सुरू केलं. १९८४ च्या आधीच्या मॅचेस गोळा करायच्या. संस्थेचं नाव रेट्रोशीट. क्लबांच्या फायली, पत्रकारांच्या डायऱ्या, सामान्य चाहत्यांची स्कोअरकार्डं, जे मिळेल ते घ्यायचं, तपासायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं आणि सगळ्यांना फुकट द्यायचं. सगळे स्वयंसेवक. दोन कागदांत फरक आला तर तो फरकही नोंदवून ठेवतात, झाकत नाहीत. हे मला फार भावलं.

असं बारीक तपासल्यानं काय होतं? शिकागो कब्जचा हॅक विल्सन, १९३० चा सीझन. त्याच्या फटक्यांवर आलेले रन १९० असं प्रत्येक पुस्तकात होतं. १९७७ मध्ये एका वाचकानं एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहून त्याच्या एका विक्रमाबद्दल शंका विचारली. त्यावरून लोकांनी जुने बॉक्स स्कोअर उपसले. जुलै १९३० मधल्या एका मॅचमध्ये विल्सनचा एक रन चुकून त्याच्या टीममधल्या दुसऱ्याच्या नावावर चढलेला सापडला. १९९९ मध्ये अधिकृत आकडा १९१ झाला. एका रनसाठी ६९ वर्षं! आपल्याकडे सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला याच्या निम्म्या काळात माणूस थकून जातो.

आता गिब्सनकडे येतो.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना जागा नव्हती. कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांनी पाळलेलं होतं. म्हणून काळ्या खेळाडूंनी आपल्या लीग काढल्या. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यांच्या पुढाकारानं पहिली मोठी लीग उभी राहिली. तेव्हाच्या भाषेत त्यांना नीग्रो लीग म्हणत. तो शब्द आज कुणी माणसासाठी वापरत नाही, पण इतिहासात त्या लीगचं नाव तेच आहे. गिब्सन तिथला कॅचर. त्याचे फटके किती लांब जायचे याच्या दंतकथा आहेत. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सननं मेजर लीगचा दरवाजा उघडला. गिब्सन त्याच्या तीन महिने आधी गेला होता.

या लीगचे स्कोअर लिहिले कुणी? गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकांना त्यात रस नव्हता. लिहिले ते काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रांनी. पिट्सबर्ग कूरियर, शिकागो डिफेंडर, बाल्टिमोरचा अफ्रो-अमेरिकन. बरेचसे साप्ताहिक. आता ज्यांनी साप्ताहिक चालवलंय त्यांना कळेल. आठवडाभरात पाच-सहा मॅचेस, पान एक, माणूस एक. टीम बसमधून गावोगाव फिरतेय, हॉटेलात घेत नाहीत, जेवायला मिळत नाही, तिथे स्कोअरशीट वेळेवर टपालात कोण टाकणार? काही आठवड्यांचे स्कोअर आले, काही आलेच नाहीत. आले त्यातलेही सगळे छापले गेले नाहीत. जागेअभावी.

१९६९ मध्ये बेसबॉलच्या एका समितीनं कोणत्या लीगना "मेजर" मानायचं ते ठरवलं. नीग्रो लीगची साधी चर्चाही झाली नाही. पण काही माणसं शांतपणे काम करत होती. लॅरी लेस्टर, गॅरी अ‍ॅशविल असे संशोधक वर्षानुवर्षं मायक्रोफिल्मवर ती जुनी साप्ताहिकं वाचत, एकेक बॉक्स स्कोअर उतरवून घेत, बेरजा जुळवत राहिले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगनं मान्य केलं, की १९२० ते १९४८ मधल्या सात नीग्रो लीग या मेजर लीगच होत्या. ३,४०० च्या आसपास खेळाडूंना तो दर्जा मिळाला. आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत पुस्तकात आले. गिब्सनचं अ‍ॅव्हरेज .३७२. म्हणजे हजार वेळा बॅटिंग मोजली तर ३७२ हिट. त्याच्याआधी पहिला होता टाय कॉब, .३६७.

काहींनी नाकं मुरडली. कॉब तीन हजारांवर मॅचेस खेळला, गिब्सनच्या हिशोबात धरलेल्या मॅचेस सहाशेच्या आसपास, तुलना कशी करायची? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. लहान सीझनमध्ये अ‍ॅव्हरेज वर राहू शकतं. पण गिब्सननं तीन हजार मॅचेस खेळू नयेत हे ठरवलं कुणी होतं? त्यानं तर नाही.

आणि इथे मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट. या संशोधकांनी गिब्सनला काही वाढवून दिलं नाही. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर लिहिलंय, की सगळ्या प्रकारच्या सामन्यांत मिळून त्यानं जवळपास ८०० होम रन मारले. अधिकृत पुस्तकात मात्र दोनशेच्याही आत आहेत. कारण गावोगावच्या प्रदर्शनी मॅचेस त्यात धरत नाहीत, आणि लीगच्या मॅचमध्येही ज्याचा कागद आहे तेवढंच मोजलं.

विली मेजचं तर आणखी चटका लावणारं. हा जगप्रसिद्ध खेळाडू १९४८ मध्ये पोरसवदा वयात बर्मिंगहॅमच्या काळ्या टीमकडून खेळला. नव्या मोजणीत त्याच्या खात्यात दहा हिट वाढल्या, ३,२८३ च्या ३,२९३ झाल्या. होम रन मात्र ६६० च राहिले. ऑगस्ट १९४८ मधल्या एका मॅचमध्ये त्यानं होम रन मारल्याची बातमी पेपरात आहे. पण त्या मॅचचा पूर्ण बॉक्स स्कोअर मिळत नाही. म्हणून तो धरला नाही. मेज तेव्हा हयात होता, ९३ वर्षांचा. पुढच्याच महिन्यात, जून २०२४ मध्ये तो गेला. एका वार्ताहरानं बातमी दिली, तक्ता दिला नाही. तेवढ्यानं एक होम रन कायमचा लटकला.

हे वाचताना मला आपले पळवणकर बाळू आठवले. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा स्पिनर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिच सांभाळायचा, आणि कॅप्टन ग्रेग या नामांकित बॅट्समनला नेटमध्ये तासन्‌तास बोलिंग टाकायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ विकेट घेतल्या. हे आपल्याला माहीत आहे, कारण तिथे प्रत्येक मॅचला स्कोअरर बसलेला होता आणि पेपर छापत होते. पण पुण्याच्या नेटमध्ये ग्रेगचा किती वेळा त्रिफळा उडाला? तो हिशोब कुठेच नाही. मैदानावर ज्याच्या बोलिंगवर मॅच जिंकायची, त्यालाच पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचा, हेही स्कोअरबुकात नसतं. ते कुणीतरी वेगळं लिहून ठेवावं लागतं.

आता शेवटचं, आणि हे जरा स्वतःबद्दल. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मागच्या वर्षी एक ताई आमच्या ऑफिसात आल्या. सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. म्हणाल्या, "दादा, २००८ साली आमच्या टीमनं तालुक्याची कबड्डी फायनल जिंकली होती. बातमी आली होती तुमच्याकडे. हिला दाखवायची होती. ही आता खेळायला लागलीय." मी म्हटलं बसा, फाईल काढतो. बातमी सापडली. माझीच होती.

"अटीतटीच्या सामन्यात" अमुक संघाने तमुक संघावर मात केली. इतकंच. पुढे उपस्थित मान्यवरांची नावं. मी मोजली, अकरा होती. बक्षीस कुणाच्या हस्ते, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले, सगळं होतं. मैदानावर उतरलेल्या सात जणींपैकी एकीचंही नाव नव्हतं. गुणही नव्हते.

ताई म्हणाल्या, "शेवटची चढाई माझी होती. दोन गुण आणले, आणि एका गुणानं जिंकलो." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? पण माझ्याकडे कागद नव्हता. आणि खरी बोच पुढे आहे. त्या दिवशी गुणलेखक असलेल्या गुरुजींनी गुणपत्रकाची झेरॉक्स माझ्या हातात दिली होती, हे मला स्पष्ट आठवतंय. मीच ती बातमी लिहून झाल्यावर टाकून दिली. खेळाडूंची नावं टाकली तर मान्यवरांना जागा पुरत नव्हती.

त्या मुलीनं कात्रण वाचलं आणि आईकडे बघून विचारलं, "यात तू कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. अमेरिकेतल्या त्या मोठ्या दैनिकांना मी मनातल्या मनात नावं ठेवत होतो, आणि माझ्या टेबलावर मीही तेच केलं होतं. द्वेषानं नाही, सवयीनं. पण कात्रण उघडल्यावर त्यानं काय फरक पडतो?

तेव्हापासून एक करतोय. तालुक्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती, टेनिस बॉल क्रिकेट, जिथे जातो तिथे गुणपत्रकाचा फोटो काढतो आणि तारखेसकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. छापून येवो न येवो.

तुम्हालाही एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या वडिलांनी, काकांनी, शाळेतल्या सरांनी अशी स्कोअरची वही ठेवली असेल. आखाड्यातल्या कुस्त्यांची यादी असेल, गणेशोत्सवातल्या स्पर्धांचे निकाल असतील, जत्रेतल्या कबड्डीचे गुण असतील. रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा. पानावर तारीख, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव नसेल तर ज्यांना आठवतंय त्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा, आणि हे नंतर विचारून लिहिलं असंही नमूद करा. आणि जे आज पंच किंवा गुणलेखक म्हणून बसतात त्यांनी खेळाडूचं पूर्ण नाव लिहा. "पिंट्या" आणि "बाळ्या" चाळीस वर्षांनी ओळखू येत नाहीत.

२००८ च्या त्या फायनलचं गुणपत्रक किंवा टीमचा फोटो कुणाकडे असेल तर खाली कमेंटमध्ये टाका. मूळ प्रत असेल तर पूर्ण तक्ता, सातही नावांसकट, मी इथे टाकीन. इथे तरी जागेअभावी काही कापावं लागणार नाही.